राजापूर: १३ निवडणुका, ४ खासदार आणि एक रेल्वे

दरवर्षी गणपतीचं तिकीट काढायला मी लॅपटॉप, फोन आणि बायकोचा फोन असं सगळं घेऊन बसतो. बुकिंग उघडतं, आणि दोन मिनिटांत वेटिंग. आमच्या कुडाळच्या घरी हे सांगितलं की आजोबांचं उत्तर ठरलेलं असायचं, "गाडी आसा म्हणून वेटिंग तरी मिळता. आमका बोट लागायची." म्हणून आजचा भाग त्या गाडीचा आणि ती ज्यांनी लावून धरली त्यांच्या मतदारसंघाचा.

राजापूर लोकसभा. हा मतदारसंघ आज नकाशावर नाही. पण डेटा बघा, मला तर कोणी जुळवून दिल्यासारखा वाटला. १९५७ ते २००४ या काळात १३ निवडणुका झाल्या आणि खासदार झाले फक्त चार. त्यात काँग्रेस जिंकली किती वेळा? एकदा. ज्या काळात महाराष्ट्र म्हणजे काँग्रेस असं समीकरण होतं, त्या काळात!

सुरुवात बॅरिस्टर नाथ पै यांच्यापासून. वेंगुर्ल्याचा माणूस, लंडनला बॅरिस्टर झालेला, प्रजा समाजवादी पक्षाचा. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, त्यात ते निवडून आले. पण नुसतं वारं म्हणावं तर १९६२ ला ते ओसरलं होतं, राज्य मिळालं होतं, तरी लोकांनी त्यांनाच पाठवलं. १९६७ ला पुन्हा. संसदेत त्यांचं भाषण असलं की विरोधकही थांबून ऐकायचे. गोलकनाथ खटल्यानंतर, मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करणारं विधेयक मांडणारा खासदार आपल्या कोकणातला होता, हे मला बीटेक होऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. शाळेत कोणी सांगितलं नाही बुवा.

१८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. वय अवघं ४८. लोकसभा आधीच बरखास्त झालेली, मतदान दीड महिन्यावर. पक्षाने उमेदवार दिला तो मधु दंडवते. जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत, सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक. म्हणजे कोकणच्या हिशेबात चक्क बाहेरचे. त्यात इंदिरा गांधींची 'गरिबी हटाओ' लाट. महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा त्यांच्या काँग्रेसने घेतल्या. दंडवते मात्र आले. त्या वर्षी त्यांच्या पक्षाला अख्ख्या देशात दोनच जागा मिळाल्या, त्यातली एक राजापूर.

पुढे आणीबाणी. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. दोघांचा संसार पत्रांवर. १९७७ ला जनता सरकार आलं आणि राजापूरचा खासदार देशाचा रेल्वेमंत्री झाला. ज्याच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही नव्हता असा रेल्वेमंत्री! सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम आला तो त्यांच्या काळात. तुम्ही स्लीपरमध्ये ज्यावर झोपता ना, त्याची सुरुवात ती.

१९८० ला ते जिंकले. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, राज्यात काँग्रेसला ४८ पैकी ४३, तरी हे जिंकले. १९८९ ला परत. पक्षाचं नाव आणि चिन्ह बदलत गेलं, आधी झोपडी, मग नांगरधारी शेतकरी, शेवटी चक्र. आजोबा म्हणायचे, आम्ही चिन्ह नाय, माणूस शोधायचो.

आता खरी गोष्ट. १९८९-९० च्या व्ही. पी. सिंग सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, श्रीधरन यांच्याकडे सूत्रं गेली. मोजणी सुरू, जमिनी चालल्या, गावागावात गाडीचीच चर्चा. आणि १९९१ ला राजापूरने दंडवतेंना पाडलं. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

का? राजीव गांधींच्या हत्येनंतर जूनमध्ये आपल्याकडे मतदान झालं, ते एक कारण सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. १९८४ ला याहून मोठी सहानुभूती होती आणि तेव्हा दंडवते टिकले होते. मग सात वर्षांत बदललं काय? माझ्या मते, मुंबई बदलली. कोकणातली घरं मनीऑर्डरवर चालायची आणि मनीऑर्डरसोबत राजकारणही यायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, लाल बावट्याची, समाजवाद्यांची युनियन गेली, आणि चाळीतल्या पोराच्या हाती शिवसेनेची शाखा आली. आमच्याच घरात त्या वर्षी आजोबांचं मत चक्राला आणि काकांचं धनुष्यबाणाला. दोघं आठवडाभर एका पंगतीला बसले नाहीत, असं आजी सांगते. जुनी मतं फुटली आणि काँग्रेसला वाट मिळाली, हे माझं वाचन. तुमचं वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.

नंतरचं भराभर. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू, सलग चार वेळा. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावली. तेव्हा मावळते खासदार प्रभू होते. गंमत म्हणजे २०१४ ला तेही रेल्वेमंत्री झाले, पण तोपर्यंत पक्ष भाजप, आणि राज्यसभेत हरियाणातून. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हे नाव लोकसभेतून गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. २००९ ला निलेश राणे, पुढे दोनदा विनायक राऊत, २०२४ ला नारायण राणे.

माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. ७ मे २०२४ ला मतदान होतं, तिकीट वेटिंग ४१. जनरल डब्यात उभा राहून गेलो. बूथवर काका भेटले. आजोबा नव्हते. कोणाला दिलंस, असं काकांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.