अक्षरबदल (मराठी)

अक्षरबदल म्हणजे मजकुरातील अक्षरे ठरावीक नियमाने बदलून अथवा त्यांची जागा हलवून वरकरणी निरर्थक दिसणारा मजकूर तयार करणे. मौज, कोडी आणि गुप्तता यांसाठी ही रीत वापरली जाते. चौकटीत मजकूर टाकून कळ दाबताच अशी अदलाबदल करून देणारी साधी साधने आता महाजालावर मिळतात. परंतु रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले साधन मराठी मजकुराची मोडतोड करते.

परंपरा

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प' ही सांकेतिक भाषणलेखनाची कला येते. त्यावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत 'मूलदेवीय' पद्धत सांगितली आहे. तीत च-ट, ण-ञ, त-प, न-म, य-श, र-ष, ल-स अशा जोड्यांतील अक्षरे परस्परांच्या जागी येतात; जोडीत नसलेली अक्षरे तशीच राहतात. 'तलाव' या शब्दाचा 'पसाव' होतो आणि तोच नियम पुन्हा लावला की 'तलाव' परत मिळतो.

मराठीत या रीतीचा सर्वांत गंभीर उपयोग महानुभाव पंथाने केला. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी प्रचारात आणलेल्या मानल्या जाणाऱ्या सकळ लिपीत नेहमीच्या अक्षरांऐवजी ठरवलेली दुसरी अक्षरे वा चिन्हे योजली जात. पंथाबाहेरच्या वाचकांना हे ग्रंथ शतकानुशतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली, तेव्हा कुठे प्राचीन मराठी गद्याचे हे भांडार अभ्यासकांपुढे आले.

मुलांमधील 'च'ची भाषा हा याचाच बोलीतला प्रकार. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी 'च' लावतात: 'काय करतोस' म्हणजे 'चयका चरतोसक'.

संगणकावरील अडचण

युनिकोडमध्ये व्यंजन, काना, वेलांटी, अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक असतात. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा या गावाचे नाव कानाला तीन अक्षरांचे, पण संगणकाला ते नऊ चिन्हांचे. 'च'च्या भाषेत त्याचे 'चभुर्णापों' व्हायला हवे. केवळ पहिले चिन्ह हलवणारे साधन मात्र 'चोंभुर्णाप' असे काहीतरी देते. 'मराठी' उलट लिहिल्यास 'ठीराम' अपेक्षित असते, पण चिन्हे उलटली की वेलांटी आरंभी निराधार उरते आणि बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते.

इंग्रजीत 26 अक्षरे असल्याने प्रत्येक अक्षर 13 घरे पुढे सरकवण्याची युक्ती लोकप्रिय आहे. ती दोनदा केली की मूळ मजकूर मिळतो. देवनागरीत नुसते सरकवणे सोयीचे नाही. युनिकोडच्या क्रमात 'न'नंतर लगेच नुक्ता असलेला 'ऩ' येतो आणि 'ळ'नंतर 'ऴ'. मराठी लेखनात ही अक्षरे वापरली जात नाहीत.

जोड्यांची अदलाबदल त्यामानाने निर्वेध चालते, कारण स्वरचिन्हे जागच्या जागी राहतात. मूलदेवीय नियमाने 'मराठी'चे 'नषाठी' होते आणि 'पोंभुर्णा'चे 'तोंभुष्ञा'. यात 'र'चा 'ष' झाल्यामुळे रफार नाहीसा होऊन निराळे जोडाक्षर तयार होते, तरी नियम पुन्हा लावताच तो जागेवर येतो. जोड्या ठाऊक असलेला कोणीही असा मजकूर वाचू शकतो. परवलीचे शब्द किंवा खासगी माहिती लपवण्यास ही पद्धत निरुपयोगी आहे.