गझानिया : फुलाच्या नावातील भाषांतरकार

बागेत गझानिया लावला की मुले हमखास नावाचा अर्थ विचारतात. लॅटिनमध्ये ‘गझा’ म्हणजे खजिना, असे उत्तर काही ठिकाणी दिलेले आढळते. सोनेरी फुलाला ते शोभतेही! परंतु अधिक मान्य व्युत्पत्ती वेगळी आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योसेफ गेर्टनर यांनी १७९१ मध्ये फळे व बिया यांवरील आपल्या ग्रंथात या प्रजातीला थिओडोर गाझा या ग्रीक विद्वानाचे नाव दिले.

गाझा काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. थेसालोनिकीचा हा पंडित १४४० च्या सुमारास इटलीत आला. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतींवर लिहिलेले ग्रंथ ग्रीक भाषेत होते आणि पश्चिम युरोपात ग्रीक जाणणारे फार थोडे. पोप पाचवे निकोलस यांच्या आश्रयाने गाझाने ते लॅटिनमध्ये आणले. हे भाषांतर १४८३ मध्ये छापले गेले, तेव्हा गाझा हयात नव्हता. त्याने हे फूल पाहिले असण्याचाही संभव नाही. गझानिया दक्षिण आफ्रिकेचा, आणि त्या टोकाला वळसा घालणारे पहिले पोर्तुगीज जहाज पोहोचले १४८८ मध्ये.

त्या कोरड्या, उन्हाळ प्रदेशाची सवय रोपात अजून आहे. बऱ्याच जातींत पानांच्या खालच्या बाजूला पांढरी लव असते. तिच्यामुळे बाष्पीभवन कमी होते. म्हणून जमीन वाळूमिश्रित, निचऱ्याची हवी. ऊन भरपूर, पाणी बेताचे. ढगाळ दिवशी फुले मिटतात. रोप सुकले असे समजून मुले पाणी ओततात, आणि मुळे कुजतात.