बाहुलीचा खांदा

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याची ही आठवण. भावे म्हटले की आपल्याला नाटक आठवते. पण मित्रहो, हा माणूस हाताने कारागीर होता. लाकडाच्या बाहुल्या करायच्या आणि दोऱ्यांनी हलवून त्यांच्याकडून कथा वठवून घ्यायची, हा त्यांचा ध्यास. नाटकाच्या इतिहासात या बाहुल्यांना दोन ओळी मिळतात. मला त्या दोन ओळींचीच गोडी अधिक.

बाहुली हलवणे म्हणजे सांधा शोधणे. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे, खांदा आणि खुबा हे उखळीचे, असे आपण शाळेत शिकलो. बिजागरी कोणताही सुतार बसवील. अडते ते उखळीपाशी. धनुष्य उचलायचे तर हात पुढे आला पाहिजे, वर गेला पाहिजे आणि थोडा वळलाही पाहिजे. दोरीच्या बाहुलीत यावर एक तोड असते. सांधा मुद्दाम ढिला ठेवायचा. दोरीने हात वर घ्यायचा, खाली तो आपल्या वजनाने येतो. दोरीला ओढता येते, ढकलता येत नाही. हे ज्याला उमगले त्याला निम्मी विद्या आली.

किती ढिले आणि किती घट्ट, हा प्रश्न शेजारच्या मिरजेतही होता. तलवारींना धार लावणाऱ्या तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी करायला घेतल्या. सतारीची खुंटी बोटांनी फिरली पाहिजे आणि सोडल्यावर तारेच्या ताणाने मागे सरकता कामा नये. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या खुंटीच्या बेताच्या घट्टपणाला वेगळे मानांकन द्यावे, असे मला उगीच वाटते.

भावे यांच्या जुन्या बाहुल्यांना रामदास पाध्ये यांनी पुन्हा हालते केले आणि त्यांचे प्रयोग केले. ‘झपाटलेला’ या १९९३ च्या चित्रपटातला तात्या विंचू याच पाध्यांच्या हातचा. दोरीच्या सीतेपासून तात्यापर्यंतचा रस्ता असा एकाच कारागिराच्या टेबलावरून जातो.

आता आपल्या गणपतीच्या देखाव्यांकडे येऊ. पूर्वी एकच मोटर, तिला चाक, चाकाला दांडी. राक्षसाचा हात रात्रभर एकाच चालीने वर-खाली. आता सांगली-साताऱ्याची हौशी मुले काडेपेटीएवढ्या सर्वो मोटरी वापरू शकतात. बाहुलीचे डोळे फिरवायचे, पापणी मिटवायची, ओठ हलवायचे. इथे दोरी संपते आणि दांडी येते. दांडी ओढतेही आणि ढकलतेही. पण मोटरचा हात एका पातळीत फिरतो आणि डोळा दुसऱ्या. दांडीची दोन्ही टोके साध्या खिळ्याने अडकवली तर ती आखडते, मोटर घूं घूं करत तापते. भोक मोठे केले तर डोळा लटपटतो. म्हणजे पुन्हा उखळ, फक्त यावेळी मुगाएवढी.

गॅरेजमध्ये बॉल जॉइंट मागा. मिस्त्री स्टिअरिंगचा लिंबाएवढा काढून दाखवील. त्यात चूक नाही, तत्त्व तेच आहे. ट्रकच्या अॅक्सिलेटरच्या दांडीचाही डोळ्याला मोठाच. हवा तो सापडतो रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यांतल्या मोटारी आणि हेलिकॉप्टरांच्या सुट्या भागांत. गोळी आणि वाटी एकाच संचातली घ्यावी. वेगवेगळी जुळवली की एक तर अडकते, नाही तर निसटते. पैसे कमी असतील आणि तिरकेपणा थोडा असेल, तर पोलादी तार इंग्रजी झेडसारखी वाकवूनही भागते.

वाटीचा आणखी एक फायदा आहे. ती दांडीवर आट्यांनी बसते. २ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांवर वाटीचा एक फेरा म्हणजे ०.४ मिलिमीटर. बाहुलीची पापणी पुरती मिटत नसेल, तर मोटरला हात न लावता वाटी एक फेरा फिरवून पाहायची.