पळस : शास्त्रात, व्यवहारात आणि इतिहासात

'कोठेही जा, पळसाला पाने तीनच' ही म्हण आपल्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जात आहे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी तिचा अर्थ लिहावयास सांगितला. सर्वांनी तो बिनचूक लिहिला : माणसाने स्थान बदलले तरी परिस्थिती बदलत नाही. नंतर त्याच मुलांना शाळेच्या कुंपणाबाहेर नेऊन तेथील चार झाडांपैकी पळस कोणता, हे विचारले. एकालाही सांगता आले नाही. माघाचे दिवस होते. झाडाला एकही पान नव्हते, काळपट कळ्या तेवढ्या धरल्या होत्या. पाने तीन असतात एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांनी पाने झडलेला पळस ओळखावा तरी कसा? त्या दिवसापासून हा वृक्ष माझ्या मनात घर करून राहिला आहे.

योगायोगाने ह्याच प्रश्नावर एक प्राचीन कथा आहे. पाली जातकसंग्रहात 'किंसुकोपम' नावाचे जातक आहे. वाराणसीच्या ब्रह्मदत्त राजाच्या चार पुत्रांना पळस पाहण्याची इच्छा झाली. सारथ्याने त्यांना एकदम न नेता वेगवेगळ्या ऋतूंत एकेकाला नेले. एकाने कळ्या फुटताना झाड पाहिले, दुसऱ्याने पालवले असता, तिसऱ्याने फुलले असता आणि चौथ्याने शेंगा आल्या असता. मग पळस कसा असतो ह्यावर चौघांत वाद जुंपला. एक म्हणाला जळक्या खुंटासारखा, दुसरा म्हणाला वडासारखा, तिसऱ्याला तो मांसाच्या गोळ्यासारखा वाटला आणि चौथ्याला शिरीषासारखा. राजाने निवाडा दिला तो असा : तुम्ही सर्वांनी पळसच पाहिला, पण इतर काळी तो कसा दिसतो, हे तुम्ही सारथ्याला विचारलेच नाही.

पळसाचा इतिहास धुंडाळताना मला ह्या निवाड्याची वारंवार आठवण झाली. ह्या वृक्षाविषयी लिहिणारे पुष्कळ झाले. पण प्रत्येकाने आपल्या ऋतूपुरता पळस पाहिला.

पहिला साक्षीदार म्हणजे याज्ञिक. वेदवाङ्मयात पळसाला 'पर्ण' म्हटले आहे. जणू पान म्हणजे पळसाचेच पान. आहुती देण्याची 'जुहू' नावाची पळी पर्णाच्या लाकडाची करावी, असे विधान तैत्तिरीय संहितेत आहे. आणि ज्याची जुहू पर्णाची असते त्याच्या कानी वाईट शब्द पडत नाही, असे फळही सांगितले आहे. हे फळ खरे मानावयाचे की केवळ स्तुती, ह्यावर मीमांसकांनी बारकाईने ऊहापोह केला आणि तो अर्थवाद, म्हणजे स्तुतिपर वाक्य, ठरविला. मनुस्मृतीने उपनयनाच्या वेळी ब्राह्मण बटूच्या हाती बेलाचा किंवा पळसाचा दंड देण्यास सांगितले. आजही मुंजीत पळसाचा दंड शोधण्यासाठी यजमानांची धावपळ होते, ती त्याच परंपरेमुळे. कवींनी ह्या वृक्षाला 'किंशुक' म्हटले. फुलाची वाकडी पाकळी पाहून 'हा पोपट तर नव्हे?' असा भ्रम होतो, अशी त्या शब्दाची फोड लोकप्रिय आहे. सुभाषितकारांनी मात्र ह्याच फुलाला विद्याहीन रूपवानाच्या पंक्तीस बसविले, कारण त्याला गंध नाही.

दुसरा साक्षीदार समुद्रापलीकडून आला. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्याने सिद्ध केलेल्या 'होर्तुस मलाबारिकुस' ह्या द्वादशखंडात्मक ग्रंथात (1678–1693) मलबारातील पळस 'प्लासो' ह्या नावाने सचित्र आला आहे. ह्या ग्रंथाच्या सिद्धतेस रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोंकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथारंभीच छापले आहे. गोमंतकीय वाचकांना ह्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पुढे युरोपीय शास्त्रज्ञांनी ह्या वृक्षाला 'ब्यूटिया' हे नाव दिले, ते वनस्पतिविद्येचा आश्रयदाता अर्ल ऑफ ब्यूट ह्याच्या सन्मानार्थ. हाच गृहस्थ 1762–63 मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान होता. त्याच्या आधी पाचच वर्षे, 23 जून 1757 रोजी, भागीरथीकाठच्या ज्या पलाशी गावाजवळ क्लाइव्हने सिराजउद्दौल्याचा पराभव केला, त्या गावाचे नाव ह्याच वृक्षावरून पडलेले आहे. लढाई झाली आंब्याच्या राईत. नाव मात्र अजरामर झाले पळसाचे, आणि तेही 'प्लासी' असे मोडके. जेत्यांनी गावाचे नाव मोडले आणि झाडाला आपल्या सरदाराचे नाव दिले.

हे दोन्ही साक्षीदार लिहिणारे होते, म्हणून त्यांची साक्ष टिकली. ज्यांचा संसार ह्या झाडावर चालला, त्यांनी काही लिहिले नाही. त्यांची साक्ष वस्तूंतूनच काढावी लागते.

प्रथम फूल घेऊ. फुलांपासून नारिंगी-पिवळा रंग निघतो. तुरटीच्या योगाने तो कापडावर बसतो. पण पक्का नव्हे, उन्हाने व धुण्याने उतरतो. कापड रंगविणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष. होळी-रंगपंचमीच्या दृष्टीने तोच गुण. आमच्या माळव्यात लहानपणी आदल्या रात्री हंड्यात टेसूची फुले भिजत घातलेली मी पाहिली आहेत. सकाळी ते पाणी एकमेकांच्या अंगावर पडे आणि संध्याकाळपर्यंत निघूनही जाई. 1856 साली पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि पुढील अर्धशतकात असले सारे वनस्पतिज रंग बाजारातून मागे पडले. इंदूरची रंगपंचमीची गेर आजही थाटाने निघते; रंग मात्र आता बहुतेक कारखान्यातला असतो.

लाखेची कथा याहून मोठी आहे. पळस, बोर व कुसुम ह्या वृक्षांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात. ते रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात, तीच लाख. पळस व बोर ह्यांवरील वाणाला रंगीनी म्हणतात. तिचे वैशाखी व कार्तिकी असे वर्षाला दोन हंगाम. काड्यांवरून खरवडलेली लाख धुतली की तांबडा रंग सुटतो आणि राळ मागे राहते. कृत्रिम रंगांनी लाखेच्या रंगाचा व्यापार संपविला. राळ मात्र नव्या युगात शिरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनच्या तबकड्या ह्याच राळेपासून होत. बालगंधर्वांची नाट्यपदे ज्या तबकड्यांतून घरोघर पोहोचली, त्यांत कुठल्या तरी रानातील वनवासी कुटुंबाने खरवडलेली लाख होती. 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली. पुढे प्लास्टिक आले आणि तबकड्यांची सामग्रीही बदलली. हैदराबादच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घडविणाऱ्यांचे हात मात्र अजून थांबलेले नाहीत.

आता पान. देशावर, माळव्यात आणि गुजरातेत शेकडो पाने उठविण्याची शक्ती ह्या एका पानात होती. उन्हाळ्यात पाने खुडून आणावयाची, दडपून ठेवावयाची आणि बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी-द्रोण लावावयाचे, हे काम मुख्यतः बायकांचे. माझी आजी दुपारच्या निजेऐवजी द्रोण लावीत बसे. पान उलटे की सुलटे, शीर आत की बाहेर, ह्यावरून द्रोण गळेल की नाही हे ती सांगे. ते ज्ञान तिच्याबरोबर गेले. मी विचारून घेतले नाही.

उरलेले भागही वाया जात नसत. सालीतून पाझरणारा तांबडा डिंक, म्हणजे कमरकस, बाळंतिणीच्या लाडवांत पडे. पळसपापडी, म्हणजे ह्याचे बी, वैद्य जंतांवर देत. मुळांच्या सालीचे दोर वळीत, आणि मुळे ठेचून चुना लावण्याचे कुंचले करीत. लाकूड इमारतीला निरुपयोगी. पण पाण्याखाली टिकते, म्हणून विहिरीच्या कामी येई.

लिहिणाऱ्यांची दृष्टी अखेर ह्या लोकांकडे वळली ती कायद्यातून. 1927 च्या वन अधिनियमाने लाख ही जंगलातील असो वा बाहेरची, 'वनोत्पन्न' ठरविली. जंगलातील पाने-फुलेही त्याच सदरात गेली. म्हणजे रानातून पत्रावळीची पाने खुडणारी बाई परवानगीवाचून खुडील तर गुन्हेगार ठरू शकत होती. वनांवरील पारंपरिक हक्कांना मान्यता देणारा कायदा 2006 साली झाला आणि त्यात लाखेसह गौण वनोपजांवर वननिवासींची मालकी नमूद झाली. मधली एकूणऐंशी वर्षे पळस तोच होता.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी भाषक ह्या वृक्षाशी आणखी एका नात्याने बांधलेले आहोत. अठराव्या शतकात आपले पूर्वज उत्तरेकडे निघाले. आजही धुळ्याकडून आग्रा मार्गाने इंदूरला येणाऱ्यास सीमेजवळ पळसनेर लागते, आणि शहरात शिरल्यावर पलासिया हा भाग. प्रवासाच्या दोन्ही टोकांना पळस ऐकू येतो. ह्या पूर्वजांना नव्या मुलखात नवी भाषा भेटली, झाड मात्र जुनेच भेटले. ग्वाल्हेरकरांनी त्याला ढाक किंवा छेवला म्हणावयास शिकून घेतले, बडोदेकरांनी खाखरो व त्याच्या फुलाला केसूडो. बेळगावकडे शेजारी त्याला मुत्तुग म्हणतो, हैदराबादेस मोदुग. हिंदीतही 'ढाक के तीन पात' अशी आपल्याच म्हणीची बहीण नांदते. आपण ही म्हण निराशेने उच्चारतो. परंतु घर सोडून आलेल्या माणसाला परक्या मुलखातील पहिल्याच माळावर तीन पानांचा ओळखीचा पळस दिसला असेल, तेव्हा त्याला ती दिलासा देणारी वाटली असेल, असे मला वाटते.

1 जुलै 2022 पासून देशभर प्लास्टिकच्या एकदाच वापरावयाच्या ताटल्यांवर बंदी आली आणि पत्रावळीची पुन्हा आठवण होऊ लागली आहे. परंतु केवळ बंदीने पत्रावळ परत येत नाही. ती लावणारे हात हवेत, आणि पान केव्हा खुडावे हे सांगणारे माणूस हवे. अशी माणसे अजून आहेत. आपल्या प्रत्येक गावाच्या बाजारात कोणी म्हातारी द्रोण विकीत बसलेली आढळेल. ब्रह्मदत्ताच्या मुलांनी ज्याला विचारले नाही, तो सारथी तीच.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. म्हणीचा अर्थ जरूर लिहवून घ्यावा. पण त्याच आठवड्यात मुलांना त्या म्हातारीकडे पाठवावे. ती पानाच्या शिरेला, कोवळ्या पानाला, टाचण्याच्या काडीला जे शब्द वापरते, ते वहीत उतरवून घ्यावेत, मग ते मराठी असोत, माळवी असोत वा कानडी. आमच्या नववीच्या वहीत आजवर असे सतरा शब्द जमले आहेत. त्यांतील पाच मलाही ठाऊक नव्हते. फाल्गुनात कुंपणाबाहेरचे झाड फुलले, तेव्हा ते ओळखावयास कोणालाच सांगावे लागले नाही. पण येत्या माघात, पाने झडल्यावर, मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे.