हमालाच्या दिवसाचे मोजमाप

नववीच्या वर्गात 'कार्य' शिकवताना आपण फळ्यावर बल गुणिले विस्थापन असे सूत्र लिहितो. मग हमखास एखादा हात वर होतो : "डोक्यावर पोते घेऊन सपाट रस्त्याने चालणारा हमाल काहीच कार्य करीत नाही का?" गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करीत नाही, असे आपण सांगतो. उत्तर बरोबर असते, पण मुलाचे समाधान होत नाही. ते होऊ नये हेही बरोबरच आहे.

कुरियरच्या गोदामातले एक उदाहरण घेऊ. समजा, एका कामगाराने दिवसभरात १५ किलोची १००० पार्सले प्रत्येकी एक मीटर उचलून गाडीत भरली. सूत्राप्रमाणे कार्य झाले सुमारे १ लाख ४७ हजार ज्यूल, म्हणजे ३५ किलोकॅलरी. दोन चमचे साखरेत याहून थोडी अधिकच ऊर्जा असते! १५ टन माल हलवणाऱ्या माणसाला दोन चमचे साखर पुरते, असे कोणता हमाल मान्य करील? सूत्र चुकलेले नाही. ते पार्सलावर झालेले कार्य मोजते, माणसाची दमणूक मोजत नाही.

हा फरक ज्याने आकड्यांनिशी मांडला तो आपल्या ओळखीचाच आहे. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे माहीत असलेला शार्ल कूलोम हा मूळचा लष्करी अभियंता. किल्ल्याच्या बांधकामावर मजुरांचे काम त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते. माणसाच्या रोजच्या श्रमावरचा त्याचा निबंध १७९८ मध्ये फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेपुढे आला. त्यात सरपण वाहणाऱ्या हमालाचा हिशेब आहे. ६८ किलोचे ओझे, १२ मीटर उंचीचा जिना आणि दिवसाला ६६ खेपा. हमालाचे स्वतःचे वजन ७० किलो धरले, तर त्याने दिवसभरात १३८ किलो वजन ७९२ मीटर वर नेले. म्हणजे १ लाख ९ हजार किलोग्रॅम-मीटर.

आता ओझे नसलेला माणूस घ्या. बोर्दा या फ्रेंच शास्त्रज्ञाबरोबर तेनेरीफ बेटावरच्या पर्वतावर गेलेली माणसे एका दिवसात २९२३ मीटर चढली होती. ७० किलोने गुणले की २ लाख ५ हजार भरतात. म्हणजे पाठीवर ओझे आले की शरीराची दिवसभराची एकूण कमाई जवळजवळ निम्म्यावर येते. ओझ्याच्या प्रमाणात ही घट होते असे कूलोमने मानले आणि दिवसाअखेर सर्वांत जास्त माल वर जाण्यासाठी किती ओझे द्यावे याचे गणित केले. उत्तर आले ५३ किलो. ६८ किलोने होते त्यापेक्षा थोडे जास्तच काम ५३ किलोने होते! अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना महत्तम मूल्याचे उदाहरण म्हणून हे जरूर द्यावे. पुस्तकातल्या तारेच्या कुंपणापेक्षा ते अधिक जिवंत आहे.

शंभर वर्षांनी हाच प्रश्न अमेरिकेत कारखानदाराच्या बाजूने विचारला गेला. १८९९ साली बेथलेहेम येथील पोलाद कारखान्याच्या आवारात बिडाच्या लगडी वाघिणींत भरण्याचे काम चालू होते. एक लगड ९२ पौंडांची, म्हणजे जवळपास ४२ किलोची. माणसामागे रोज साडेबारा टन माल भरला जाई. फ्रेडरिक टेलर आणि त्याचे सहकारी घड्याळ घेऊन उभे राहिले आणि चांगला माणूस ४७ टन भरू शकतो असे त्यांनी ठरवले. दहा तासांचा दिवस धरून आपण भागाकार केला, तर दर ३१ सेकंदांना एक लगड येते. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम मात्र जवळजवळ चौपट झाले. टेलरने विश्रांती नाकारली असे नव्हे. एवढ्या वजनाचे काम करणाऱ्याचे हात दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ मोकळेच हवेत, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. पण ती विश्रांती केव्हा घ्यायची, हे घड्याळवाला सांगणार होता. १९११ च्या पुस्तकात त्याने ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगितली. १९७४ साली संशोधकांनी मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा तिच्यात बरेच तिखटमीठ लावलेले आढळले.

या दोघांच्याही हिशेबात पाठीचा कणा नव्हता. २० किलोचे खोके कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरले आहे आणि पाठीचे स्नायू कण्याच्या जेमतेम ५ सेंटिमीटर मागे ओढताहेत अशी तरफ काढून पाहा. केवळ खोके तोलण्यासाठी स्नायूंना १६० किलोच्या वजनाइतके बल लावावे लागते. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हा सगळा दाब कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. म्हणूनच अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात उत्तमोत्तम परिस्थितीतही २३ किलो हीच मर्यादा धरली. खोके दूर असेल, जमिनीवर असेल, वळून उचलायचे असेल किंवा घाई असेल, तर ती आणखी खाली येते.

आपल्याकडचा माथाडी ओझे डोक्यावर घेतो, तेव्हा ते कण्याच्या रेषेत येते. कठीण असतो तो पोते डोक्यावर चढवण्याचा क्षण, आणि तिथे दुसऱ्याचे हात लागतात. म्हणून हे काम टोळीने होत आले. याचा अर्थ ते सुसह्य होते असा नाही. धान्याचे पोते क्विंटलभराचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली, तेव्हाही आपल्या बाजारात तेच पोते होते. (कूलोमच्या ५३ शी असलेली जवळीक योगायोगाची, त्याला माल मोजायचा होता, माणसाची पाठ नव्हे.) अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला. मालक आणि हमाल यांची मंडळाकडे नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि मजुरीवरच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीसारख्या सोयी उभ्या राहिल्या. टोळीने केलेले काम टोळीच्या नावाने मोजले गेले.

भिवंडीच्या आजच्या गोदामांत पोत्यांच्या थप्प्यांच्या जोडीला खोक्यांचे पट्टे आहेत. ओझे हलके झाले, पण प्रत्येक खोक्यावर रेघांची पट्टी असते. ती स्कॅनरखाली गेली की कोणी, कोणते खोके, किती वाजून किती सेकंदांनी हलवले याची नोंद होते. एके काळी टेलरला त्यासाठी माणूस उभा करावा लागे. दुकानातली पहिली वस्तू अशा पट्टीवरून १९७४ साली ओहायोत विकली गेली, तेव्हा हिशेब वस्तूंचा ठेवायचा होता.

पार्सल गाडीत चढले की चालकाचा दिवस सुरू होतो. त्याच्या यंत्रात पोचलेली पार्सले मोजली जातात. बंद दारापुढची वाट पाहणे, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला आणि परत आणावे लागलेले खोके या गोष्टी त्या आकड्यात येत नाहीत. अनेक ठिकाणी मोबदला पार्सलमागे असतो, त्यामुळे हा वेळ त्याच्या खिशातून जातो. चौथा मजला म्हणजे सुमारे १२ मीटर. कूलोमचा जिना तेवढाच होता. पण कूलोमने हमालाचे ७० किलोही हिशेबात धरले होते.

याच निबंधात कूलोमने प्रयोग करू इच्छिणाऱ्यांना एक सूचना दिली आहे. मजुराला कळू न देता, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्याचे काम पाहावे, नाहीतर आकडे फसवे येतील. थोडा वेळ जोर लावून काढलेला वेग दिवसभर टिकत नाही, हे त्याला ठाऊक होते. गोदामातल्या कामगाराला आपण मोजले जात आहोत हे प्रत्येक सेकंदाला ठाऊक असते. किती खोक्यांची अपेक्षा आहे, हे मात्र त्याला कित्येकदा सांगितलेलेच नसते. २०२१ साली कॅलिफोर्निया राज्याने गोदामांसाठी कायदा केला. त्यानुसार मोठ्या मालकांनी हा आकडा कामगाराला लेखी दिला पाहिजे, आणि जेवणाची सुट्टी किंवा शौचालयाला जाण्याचा वेळ बुडेल असा आकडा लादता येत नाही.