दिंडीची गाडी आणि पार्टांची वही



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं आणि मंडळींनी ज्याला जे ठाऊक ते लिहायला वाटून दिलं. कोणाकडे विणेकऱ्यांची परंपरा गेली, कोणाकडे पंगतीचे अन्नदाते गेले. आमच्या वाट्याला सामानाची गाडी आली. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात बोलतो तसंच इथं लिहितो.

गाडीचा इतिहास म्हणजे नुसता लोखंडाचा इतिहास, असं कोणाला वाटेल. पण आपली गाडी जी इतकी वर्षं पंढरीला गेली, ती एका धन्याच्या पैशावर गेली नाही. कोणाच्या मोडक्या गाडीचा पाटा, कोणाच्या भंगारातला गिअरबॉक्स, कोणाचा जुना रेडिएटर असं मागून, खोलून, घासून ती उभी राहिली. आणि हे सगळं काम थंडीत झालं. वारीत चालणाऱ्याला आषाढातली गाडी दिसते, पौषातली दिसत नाही. ती दाखवावी म्हणून हे लिहिणं.

गाडीच्या आधी

आपलं गाव प्रवरेच्या पाटपाण्यावरचं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. पाट आला, मागून ऊस आला. आपली दिंडी त्याच सुमाराची. त्र्यंबकेश्वराहून संत निवृत्तीनाथ महाराजांची पालखी निघते, ती आपल्या भागात बेलापूरला येते आणि पुढं राहुरी, नगर, मिरजगाव, करमाळा करत पंढरीला जाते. तिच्यामागं आपले लोक चालायचे. वळकटी डोक्यावर, पडशी खांद्यावर, शिधा पडशीत. पुढं बैलगाडी आली. तिच्यात पाल, भांडी आणि म्हाताऱ्यांची गाठोडी जायची. बैल जोडीने मिळायचे, एका घरचा एक आणि दुसऱ्या घरचा एक. म्हणजे वाटून देण्याची रीत ट्रकच्याही आधीची आहे.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा शाळा सोडून गुरांमागं होतो. गुरं छावणीत, माणसं खडी फोडायला, असं ते वर्ष. पुष्कळांच्या दावणी रिकाम्या झाल्या. पुढच्या आषाढीला दिंडीला बैलजोडी मिळेना, तेव्हा गावातल्या एका जुन्या ट्रकवर सामान चढलं. तिथून बैलगाडी गेली ती गेलीच.

ट्रक गावात कसे आले

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विक्रीला निघाल्या आणि देशभर लोकांनी त्या घेऊन मालाला जुंपल्या. नंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फारगो आणि डॉज निघाल्या, बंगालमधून बेडफर्ड आली, मद्रासकडून लेलँड आली. १९५४ साली जमशेदपूरला टाटाने जर्मनीच्या मर्सिडीज बेन्झ कंपनीशी करार करून ट्रक बांधायला घेतले. तो करार पंधरा वर्षांचा होता. म्हणून जुन्या टाटाच्या तोंडावर चांदणीचा बिल्ला दिसायचा आणि १९६९ नंतर टाटाचा स्वतःचा बिल्ला आला. बिल्ला बदलला तरी आतले पुष्कळ भाग तेच राहिले, आणि आपल्या गोष्टीत हीच मोठी गोष्ट आहे. तेव्हा मोटारी बांधायला सरकारचा परवाना लागायचा. बांधणारे थोडे, त्यामुळं गाड्यांच्या तऱ्हाही थोड्या. एकच तऱ्हा वर्षानुवर्षं रस्त्यावर चालली. म्हणून या शेतातल्या मेलेल्या गाडीचा भाग त्या वस्तीवरच्या चालत्या गाडीला बसायचा. भाग सारखे होते म्हणून वाटता आले.

१९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचं नाव त्यासाठी सगळ्यांना ठाऊक आहे. जवळचा ऊस बैलगाडीने जायचा, लांबचा ट्रकने. कारखाने वाढले तसे ट्रकही वाढले. घेताना कोणी नवा घेत नव्हतं. मुंबई-पुण्यात दमलेला ट्रक आपल्याकडे यायचा, उसावर दहा-बारा हंगाम ओढायचा आणि मग बांधाला, बाभळीखाली, विटांच्या ठोकळ्यांवर उभा राहायचा. हीच आपली पार्टांची कोठारं.

थंडीतच का

आपला कीर्तनाचा दंडक आहे, आधी प्रश्न आणि मग उत्तर. गाडी चालते आषाढात, मग खोलायची पौषात का?

पहिलं कारण उसाचं. कार्तिकी झाली की गाळप जोरात असतं. अडीच-तीन महिने गाड्या रात्रंदिवस भरून चालतात आणि मोडायच्या त्या याच दिवसांत मोडतात. म्हणजे भाग मागणारे आणि देणारे दोघंही याच वेळी जागे असतात, आणि मिस्तरीही गावातच असतो.

दुसरं कारण पौषाचं. पौषात लग्नं नाहीत. पूर्वी वऱ्हाड ट्रकमधूनच जायचं. मार्गशीर्षापर्यंत आणि पुढं माघापासून दिंडीच्या गाडीला वऱ्हाडाचं भाडं असायचं आणि त्या पैशावर तिचा वर्षाचा खर्च निघायचा. पौषात ती रिकामी.

तिसरं कारण थंडीच. आपल्याकडे पौषातली पहाट अशी की पाटाच्या पाण्यातून वाफ निघते. अशा पहाटे गाडीचे सगळे दोष उघडे पडतात. बॅटरी कमजोर असली तर सेल्फ नुसता कण्हतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्या तर इंजिन धरत नाही आणि धरलं तर पांढरा धूर ओकतं. उन्हाळ्यात झाकून जाणारं दुखणं थंडीत झाकत नाही. आमचे मिस्तरी म्हणायचे, "महाराज, गाडी घ्यायची असली तर पौषात पहाटे जाऊन चालू करून बघा, दुपारी जाऊ नका."

म्हणून आपल्या दिंडीत बोलच पडला, आषाढात पळायचं तर पौषात खोलायचं.

खोलायची रीत

हे मिस्तरी मुसलमान समाजाचे. दिंडीच्या गाडीची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांच्या हाताखाली आम्ही टाळकरी, मृदंगवाले, सगळे हमाल. लिंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधून गिअरबॉक्स उतरायचा. मेलेल्या गाडीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असायचे, त्यांच्यावर रात्री डिझेल सोडून ठेवायचं आणि सकाळी गोवऱ्यांचा शेक द्यायचा, मग पाना लागायचा. निघालेला बोल्ट तसाच टाकायचा नाही, आपल्याच नटात परत फिरवून ठेवायचा. घमेल्यात रॉकेल घेऊन भाग धुवायचे. थंडीत रॉकेलमध्ये हात घातले की बोटं आपली राहत नाहीत. शेजारी पाचटाची शेकोटी असायची, तीसुद्धा रॉकेलपासून चार हात लांब.

जुना भाग घ्यायचा की टाकायचा याची पारख मिस्तरींनी आम्हाला शिकवली. ब्रेकचा ड्रम दोरीला टांगून हातोडीने हळू ठोकायचा. चांगल्या टाळासारखा लांब वाजला तर निरोगी, भद्द वाजला तर आत तडा. बारीक तडा बघायचा असला तर भागाला रॉकेल लावायचं, कोरडा पुसायचा आणि वर चुन्याची भुकटी फासायची. तड्यात शिरलेलं रॉकेल चुन्यावर रेघ काढून दाखवतं. टाळकऱ्यांना ठोकून बघायचं काम लवकर जमलं, कान तयार होते.

आणि एक गोष्ट त्यांनी कधी होऊ दिली नाही. ब्रेकचे वायसर आणि स्टेअरिंगचे सांधे जुने बसवू दिले नाहीत. "लोखंड मागून आणा, पण ज्यावर माणसाचा जीव आहे ते दुकानातून आणा," असं म्हणायचे. त्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत कोणीतरी जायचं आणि गावात त्या पैशाची पट्टी गोळा व्हायची.

जे गाडीला चालत नव्हतं तेही वाया जात नव्हतं. तुटका पाटा लोहाराकडे जायचा, त्याचे कोयते आणि विळे व्हायचे. तेच कोयते पुन्हा उसात. जुन्या टायरांच्या टायरगाड्या झाल्या. शाळेची घंटा म्हणून जो ड्रम टांगलेला आहे तो दिंडीच्या पहिल्या गाडीचा.

वही

पार्टांची एक वही होती आणि अजून आहे. तिच्यात तारीख, भाग, कोणाच्या गाडीतून निघाला, कोणाला गेला, इतकंच. पैशाचा रकाना नाही. वहीचे नेम तोंडीच ठरले. मेलेली गाडी असली तरी धन्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नेलेला भाग तसाच परत, नाहीतर तोलामोलाचा दुसरा. चासी आणि इंजिनावर नंबर असतो, ते कागदाशिवाय हलवायचं नाही. आणि ज्याची गाडी उसाने भरून रस्त्यात उभी आहे त्याचा नंबर पहिला, मग तो कोणीही असो. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखर घटते, आणि ते नुकसान ज्याचा ऊस त्याचं.

या शेवटच्या नेमाची एकदा परीक्षा झाली. आपल्या शिवारात दोन शेजारी, बांधावरून दोघांची तहसिलीत केस, बोलणं बंद. एका पौषात एकाची भरलेली गाडी रात्री ओढ्याच्या चढाला बसली. क्राऊन-पिनियनचे दात गेले. तसा जोड गावात एकच होता, आणि तो दुसऱ्याच्या बांधावरच्या मेलेल्या गाडीत. मागायला जायचं कोणी? शेवटी मिस्तरी आणि आम्ही कंदील घेऊन गेलो. घरधनी काही बोलेना. आतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "आरं, केस बांधाची हाये का उसाची? ऊस वाळला तर त्याच्या लेकराबाळांनी खायचं काय? न्या खोलून." धनी उठला, टॉमी घेतली आणि आमच्याबरोबर स्वतः खोलायला बसला. दिवस उजाडताना गाडी चढ चढली. केस काही मिटली नाही, चालू राहिली. पण पुढं तारखेला दोघं एकाच गाडीत बसून जायला लागले. आम्ही म्हणतो, निकाल तिथंच लागला, कागद मागून आला.

काल्याच्या कीर्तनात आम्ही गोपाळांची शिदोरी सांगतो. कोणाची भाकरी, कोणाचं दही, कोणाचं नुसतं लोणचं. एकत्र कालवल्यावर कोणाचं काय ते ओळखू येत नाही. आपली गाडीही तशीच होती. पुढचा ॲक्सल वरच्या आळीचा, गिअरबॉक्स मळ्यातला, रेडिएटर पाटापलीकडचा, हौद्याचा फाळका सुताराने दिलेला. जे एरवी एका पंगतीला बसायला कां-कूं करायचे त्यांचं लोखंड एका बोल्टात बसलं होतं.

आता पुढं

२०२० साली करोनामुळं पायी वारी झाली नाही, मानाच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या. आपली गाडी जागेवर उभी राहिली. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडते. त्या वेळी वहीतल्याच लोकांनी ती पुन्हा उठवली. पण आता दिवस बदललेत. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दर वर्षी फिटनेस काढावं लागतं. २०२१ साली सरकारने जुन्या गाड्या नोंदणी झालेल्या केंद्रातच मोडायचे नियम केले. १ एप्रिल २०२० पासून ज्या नव्या गाड्या विकल्या जातात त्या बीएस सहाच्या, जागोजागी सेन्सर. धूर कमी, हे चांगलंच. पण त्यांचं दुखणं कंपनीच्या मशीनला कळतं, हातोडीला कळत नाही. एकीचा भाग दुसरीला बसेलच असं राहिलं नाही.

दिंडीने नवी गाडी घ्यावी की नाही यावर मंडळींत दोन मतं आहेत. आमचं मत विचाराल तर घ्यावी. जुनीवर आमचा जीव आहे, पण तिच्या मागं-पुढं वारकरी चालतात, आणि त्यांच्या जिवाशी हौस करू नये. मिस्तरींनीही हेच सांगितलं असतं. जुनी रीतसर केंद्रात जाऊ द्यावी, कागद रद्द करून घ्यावेत.

फक्त वही बंद करू नये. ट्रकचे भाग वाटायचे दिवस गेले असतील, पण मोटर जळते, पाइप फुटतो, ट्रॅक्टरचा हूक तुटतो, रात्रीचं पाणी चुकलं तर गहू करपतो. हे सगळं आजही थंडीतच होतं आणि शेजारी आजही शेजारीच आहे. तरुण मंडळींकडे फोन आहेत, भाग घरपोच येतो म्हणतात. येऊ द्या. पण चार दिवसांनी येणाऱ्या भागापेक्षा रात्री बांधावरून आलेला भाग पीक वाचवतो, आणि तो मागायला जायचं तर आधी बोलणं चालू असावं लागतं. वहीने आपल्या गावात बोलणं चालू ठेवलं.

ज्यांनी भाग दिले त्यांची नावं आम्ही इथं छापायला दिली नाहीत, देणाऱ्यांनीच नको म्हणून सांगितलं. ती वहीत आहेत. वही विणेकऱ्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली आहे, ज्याला बघायची त्याने बघावी. मागं अजून बरीच पानं कोरी आहेत.

रामकृष्ण हरी.