दख्खनी लोकर : निवड, कताई आणि 'जाडीभरडी' या विशेषणाचा इतिहास

मागावरील घोंगडी, सुयांवरील स्वेटर आणि सुंभाची बाज या तिन्हींसाठी मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद आहे. भाषेची ही काटकसर व्यवहारात अडचण करीत नाही. वस्त्रेतिहासात मात्र ती एक मूलभूत भेद झाकून टाकते. मागावर ताणा आणि बाणा हे दोन धागे एकमेकांस छेदतात, तर सुयांवर एकच धागा टाक्यात टाका गुंतवीत पुढे सरकतो. त्यामुळे दोहोंस लागणारे सूत निराळे आणि म्हणून लोकरही निराळी. हा भेद न पाळल्यामुळे दख्खनी मेंढीच्या लोकरीविषयीचे लेखन दीर्घकाळ एकांगी राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

माण, खटाव, सांगोला, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत धनगरांनी जोपासलेल्या या मेंढीची लोकर प्रायः काळी, आखूड व केसाळ असते. तिच्या तंतूचा सरासरी व्यास तीस मायक्रॉनहून अधिक भरतो. मेरिनोचा सामान्यतः चोविसाच्या आत असतो. वर्षातून दोनदा कातरणी करूनही एका मेंढीपासून मिळणारी लोकर अर्ध्या किलोच्या आसपासच. एवढ्या अल्प मालातही निवड काटेकोर असे. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. या तंतूला पूर्वी कातर लागलेली नसल्याने त्याचे टोक निमुळते राहते आणि स्पर्श मऊ असतो. ही लोकर वेगळी ठेवली जाई व तिच्या घोंगडीस अधिक मोल येई. काळी, पांढरी व करडी अशी रंगवार विभागणी झाल्यावर रंगवण्याची गरज फारशी उरत नसे.

पुढे पिंजणे, पेळू करणे आणि चरख्यावर कातणे. कताई मुख्यतः स्त्रियांची, विणाई सणगर व काही धनगर कुटुंबांची. आखूड, ताठ तंतू एकमेकांस सहज धरून राहत नाहीत, म्हणून ताण्याच्या सुतास घट्ट पीळ द्यावा लागतो आणि वर चिंचोक्याची खळ चढवावी लागते. असे सूत मागावरील ताण सोसते. त्याची दाट घोंगडी पावसात पाणी लवकर आत झिरपू देत नाही, जमिनीवरील गारवा अडवते आणि वर्षानुवर्षे टिकते. मेंढरांमागे पावसात उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून सोयीचे वस्त्र कोणते? येथे जाडपणा हाच गुण होता आणि कातणारीने दिलेला पीळ तो गुण ओळखूनच दिलेला होता.

सुयांच्या विणकामाची मागणी नेमकी उलट आहे. टाका पडण्यासाठी सूत लवचीक हवे आणि ही लवचिकता तंतूच्या नैसर्गिक कुरळेपणातून येते. एकेरी, कडक पिळाचे सूत सुयांवर घेतले तर कापड एका बाजूस तिरके ओढले जाते. म्हणून एका दिशेने कातलेले दोन वा अधिक धागे उलट दिशेने एकत्र पिळतात. पिळाचा ताण त्यामुळे परस्पर निवतो. शिवाय साधारण तीस मायक्रॉनपुढील तंतूंची टोके त्वचेस टोचतात. अंगालगतच्या स्वेटरसाठी प्रौढ दख्खनी मेंढीची लोकर घेणे ही निवडीची चूक होय. तिचा दोष मेंढीवर टाकता येत नाही.

परंतु तो टाकला गेला. सुयांचे विणकाम भारतात प्रामुख्याने युरोपीय संपर्कातून व मिशनच्या शाळांतील शिवण-विणकामातून रुजले. १८७६ साली स्थापन झालेल्या कानपूरच्या गिरणीपासून लोकर-उद्योगाचे यांत्रिकीकरण वाढत गेले आणि शहरी घरांत 'चांगल्या लोकरी'ची कल्पना गिरणीच्या मऊ सुतावरून ठरू लागली. (पुढे तर अ‍ॅक्रिलिकच्या गुंड्यांनाही दुकानात 'लोकर'च म्हणू लागले, ज्यात मेंढीचा एक केसही नाही!) इंग्रजी प्रशासनाच्या कागदपत्रांत दख्खनी घोंगडीला 'जाडीभरडी' हे विशेषण चिकटलेले दिसते. वर्णनासाठी आलेला हा शब्द हळूहळू मूल्यनिर्णय झाला. स्वातंत्र्योत्तर काळात मेरिनो व रॅम्बुए या जातींशी संकर करून लोकर 'सुधारण्याचे' प्रयोग झाले, त्यांमागेही हीच मोजपट्टी होती. मात्र संकरित जनावरास चारा व निगा अधिक लागते. कोरड्या माळावरून मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपाला ती पुरवणार कोण, हा प्रश्न मोजपट्टीत बसत नव्हता.

यथावकाश मांसाच्या भावाने हा वाद निरर्थक करून टाकला. जत तालुक्यातील माडग्याळसारख्या थोराड, अल्प लोकरीच्या मेंढ्यांकडे मेंढपाळ वळले, यात त्यांचा हिशेब चुकलेला नाही. कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटेनाशी झाल्यावर अनेक ठिकाणी ती फेकून दिली जाऊ लागली.

अलीकडे या लोकरीपासून हातविणीचे सूत करण्याचे प्रयत्न होत आहेत. पिशव्या, आसने, वरून घालावयाची जाकिटे यांसाठी ते चालण्याजोगे आहे. जावळ निवडून, राठ केस वेचून, सैल पिळाचे दुहेरी सूत कातले तर मफलरही होऊ शकेल. तथापि त्यासाठी कातरणीच्या दिवशीच जावळ बाजूला काढावे लागते. सारी लोकर एकाच पोत्यात कोंबून वजनावर विकली गेली की ते पुन्हा निवडून काढणे कसबी कातणारीलाही जमत नाही.